बँड बसवला, आता जेवायचं कसं?

वजन उतरवण्यासाठी बसवतात त्या गॅस्ट्रिक बँडचं ऑपरेशन दुर्बिणीतून होतं, तासाभरात उरकतं आणि बहुतेकजण दुसऱ्या दिवशी चालत घरी येतात. गोंधळ सुरू होतो तो त्यानंतर. माझ्या बँडला आता सात वर्षं झाली. पहिल्या दोन वर्षांत करता येतील तेवढ्या चुका मी करून घेतल्या. भराभर जेवले, अडकलेला घास पाण्याने ढकलायला गेले आणि हट्टाने बँड घट्ट करून घेतला. या शेवटच्या चुकीपायी माझं वजन चक्क वाढलं. ते कसं, ते पुढे सांगते.

ज्यांचा बँड नुकताच बसलाय किंवा बसणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जनने एखादी गोष्ट वेगळी सांगितली असेल, तर त्यांचं ऐका.

१. आत काय बसवलंय, ते आधी समजून घ्या

बँड म्हणजे सिलिकॉनचं एक कडं. जठराच्या अगदी वरच्या टोकाला ते बसवतात. त्याच्या वर जठराची छोटीशी पिशवी उरते, साधारण १५ ते ३० मिली मावेल एवढी. कड्याच्या आतल्या बाजूला फुग्यासारखं अस्तर असतं. त्यातून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली शिवलेल्या पोर्टला, म्हणजे रबरी पडदा असलेल्या छोट्या डबीला, जोडलेली असते. पोर्टमध्ये सुई घालून सलाइन भरलं की बँड आवळतो, काढलं की सैल होतो. जठर कुठेही कापलेलं नसतं, आतड्याची जोडणीही बदललेली नसते.

बहुतेकांची समजूत अशी असते की वरची पिशवी भरते, अन्न तिथे साचून राहतं आणि म्हणून पोट भरतं. माझीही तशीच होती. प्रत्यक्षात नीट बसलेल्या बँडमधून एकेक छोटा घास अन्ननलिकेच्या लाटांनी मिनिटभरात खाली सरकतो. जाताजाता तो बँडखालच्या भागावर दाब देतो, तिथल्या नसा मेंदूला ‘पुरे’ म्हणून कळवतात. म्हणजे वरची पिशवी जवळजवळ रिकामीच राहायला हवी. ती भरलेली वाटते आहे, याचा अर्थ तुम्ही घाई करताय किंवा बँड जास्त आवळलाय. पुढचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात, म्हणून ती आधी सांगितली.

२. एक फाइल करा

घरी आल्या आल्या हे कागद एका जागी ठेवा:

– बँडचं कार्ड. त्यावर कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि ऑपरेशनची तारीख असते. मिळालं नसेल तर मागून घ्या.
– ऑपरेशनची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड.
– फिलची, म्हणजे बँडमध्ये सलाइन भरून घ्यायच्या खेपांची, वही. तारीख, किती मिली घातलं किंवा काढलं, आता आत एकूण किती आहे, त्या दिवशीचं वजन.
– ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे रक्ताचे रिपोर्ट.
– बेरियमचे किंवा एक्स-रेचे फोटो काढले असतील तर ते.
– चालू औषधांची यादी.

फिलची वही कुणी मागत नाही, पण तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते. माझे सर्जन मध्येच दुसरीकडे गेले. नव्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “आत किती आहे?” मला सांगता येईना. मग सगळं सलाइन काढून, मोजून, परत भरावं लागलं. बँडची क्षमताही मॉडेलप्रमाणे बदलते. काही जुन्या बँडमध्ये ४ मिली मावतं, नंतरच्या काहींमध्ये १० किंवा १४. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या आत ६ मिली आहे आणि तुमच्या आत ३, याची तुलना करत बसू नका.

सामान फारसं लागत नाही. छोटी ताटली, छोटा चमचा, मिक्सर आणि सुरुवातीला घड्याळ. गोळ्या अर्ध्या करायचं छोटं कटर मिळालं तर घ्या.

३. पहिले सहा आठवडे

पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखतो. हृदयाचं काही आहे की काय म्हणून मी घाबरले होते. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे तो दुखतो आणि चालत राहिलं की कमी होतो. छातीत दाब आला, दम लागला किंवा ताप चढला तर मात्र लगेच फोन करा.

खाण्याचा क्रम साधारण असा असतो. पहिला एक ते दोन आठवडे फक्त पातळ. मग दोनेक आठवडे मिक्सरमधून काढलेलं, गुठळी नसलेलं. त्यानंतर चमच्याने सहज मोडेल असं मऊ. सहाव्या आठवड्याच्या आसपास नेहमीचं घन अन्न. तारखा तुमचा दवाखाना ठरवेल, पण पुढच्या पायरीवर उडी मारू नका. या काळात बँडभोवती जखम भरत असते आणि बँड जागेवर धरला जात असतो. जोरात उलट्या झाल्या तर तो सरकायची भीती असते.

या सहा आठवड्यांतला सापळा वेगळाच आहे. बँड अजून रिकामा किंवा जवळपास रिकामा असतो, सूज उतरलेली असते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सपाटून भूक लागते. “ऑपरेशन फुकट गेलं” असं वाटायला लागतं. फुकट गेलेलं नसतं, बँड अजून सुरूच झालेला नसतो.

४. पहिली फिल

ती साधारण चार ते सहा आठवड्यांनी होते. तुम्हाला झोपवतात, डोकं किंवा पाय थोडे उचलायला सांगतात म्हणजे पोर्ट हाताला लागतो, आणि सुई घालतात. रक्त काढताना दुखतं तेवढंच दुखतं. पोर्ट तिरका असेल किंवा खोल असेल तर एक्स-रेखाली बघून करतात.

सुई खास टोकाची असते, हे लक्षात ठेवा. साध्या इंजेक्शनच्या सुईने पोर्टचा रबरी पडदा कुरतडला जातो आणि मग तो गळतो. कुठल्याही अनोळखी दवाखान्यात कुणी उत्साहाने “मी करतो” म्हणालं, तर आधी विचारा की बँडची सुई आहे का. नसेल तर उठून या.

फिलनंतर तिथेच बसून घोटघोट पाणी प्या. पाणी सहज उतरलं तरच निघा. गाडीत बसल्यावर कळलं की घोट उतरत नाही, तर परत वर जावं लागतं. मी गेले आहे. पुढचा एखाद-दोन दिवस पातळ खा, मग मऊ, मग नेहमीचं.

एका वेळी थोडंच घालतात, बऱ्याचदा अर्धा ते एक मिली. योग्य जागा सापडायला तीन-चार खेपा लागतात, कुणाला जास्त. पहिल्या वर्षात दर चार ते सहा आठवड्यांनी जायची तयारी ठेवा. ही ये-जा जमणार नसेल तर बँडच्या नादी लागू नका, असं मी ऑपरेशन न झालेल्या प्रत्येकाला सांगते.

५. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं नव्हे

आता माझी गोष्ट. दुसऱ्या वर्षी वजन थांबलं. मी प्रत्येक खेपेला “अजून थोडं घाला” म्हणत राहिले. आधी बरं वाटलं. मग पाव अडकायला लागला, मग मांस, मग भात. सकाळी तर काहीच उतरत नसे. हळूहळू मी जे सहज उतरतं तेच खायला लागले: आइस्क्रीम, बिस्किटं चहात बुडवून, चॉकलेट, मिल्कशेक. ही सगळी मंडळी बँडला न विचारता खाली जातात. पोट भरत नाही, उष्मांक मात्र भरपूर. चार महिन्यांत पाच किलो वाढले आणि रात्री आडवं झालं की खोकला सुरू.

डॉक्टरांनी अर्धा मिली काढलं. मी भांडले त्यांच्याशी. आठवड्याभरात मी परत अंडं, मासे, भाज्या खायला लागले, खोकला गेला आणि दोन महिन्यांत वजन उतरू लागलं.

बँडवाल्यांमध्ये तीन रंगांची भाषा चालते, ती शिकून घ्या.

पिवळा: जेवून दोन तासांत भूक, मोठी वाटी सहज संपते, वजन हलत नाही. फिल हवी.

हिरवा: लहान ताटलीभर घन अन्नावर चार-पाच तास निघतात, अडकत नाही, वजन हळूहळू उतरतंय. आठवड्याला अर्धा ते एक किलो ही चांगली गती. काही करू नका.

लाल: घन अन्न उतरत नाही, जळजळ, रात्रीचा खोकला, उशीवर आंबट पाणी, वारंवार उलट्या, मऊ-गोड पदार्थांकडे ओढा. सलाइन काढायला हवं.

लाल आणि पिवळा यांत एक गोष्ट सारखी आहे, दोन्हीकडे वजन उतरत नाही. त्यामुळे काट्याकडे बघून फिल मागू नका. आठवडाभर काय खाल्लं, काय अडकलं, रात्र कशी गेली, ते लिहून न्या.

बँड दिवसभर सारखाच वाटत नाही, हेही सांगून ठेवते. बऱ्याचजणांना सकाळी तो घट्ट वाटतो. ताणात असताना, पाळीच्या आधी, विमानात, सर्दी झाली असताना वाटू शकतो. अशा वेळी एक गरम पेय आधी आणि जेवण थोडं उशिरा.

६. घास

हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि सगळ्यात जास्त फरकही याच गोष्टीने पडला.

घास करंगळीच्या नखाएवढा. वीसेक वेळा चावायचा, अगदी लगदा होईपर्यंत. गिळायचा. आणि मग चमचा खाली ठेवायचा. मिनिटभर थांबायचं. तो घास बँडमधून जायला एवढा वेळ लागतो, हे वर सांगितलंच. तो जायच्या आत दुसरा पाठवला तर दोघे मिळून दार अडवतात.

जेवण वीस ते तीस मिनिटांत संपवायचं. संपलं नाही तरी थांबायचं. तासभर चिवडत बसलं तर ताटलीभर जागी दोन ताटल्या जातात आणि बँडची फसवणूक होते.

पोट भरल्याची खूण आता बदलते. पोट तुडुंब होण्याची वाट पाहायची नाही. कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते, कुणाचं नाक वाहायला लागतं, कुणाला छातीच्या मधोमध हलकंसं दडपण येतं. माझी खूण म्हणजे एक खोल उसासा. तो आला की थांबायचं. त्यानंतरचा एक घास म्हणजे पुढचा अर्धा तास बाथरूममध्ये. तुमची खूण तुम्हालाच शोधावी लागेल, आणि त्यासाठी पहिले काही महिने टीव्ही-मोबाइलशिवाय जेवा.

जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्धा तास नको. पाण्याबरोबर घन अन्न वाहून जातं आणि भूक लवकर परत येते. दिवसभरात मधल्या वेळांत मिळून दीड लिटर तरी जायलाच हवं, नाहीतर बद्धकोष्ठता नक्की. सोड्याची पेयं टाळा. वायूने छाती दाटते.

लोकांसमोर जेवणं अवघड जातं. ‘एवढंसंच?’ हा प्रश्न येतो. बोलता बोलता खाल्लं की घास न चावता जातो, म्हणून चारचौघांत मी आधी बोलून घेते आणि मग खाते, किंवा उलट. कारण सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी “पोटाचं ऑपरेशन झालंय” एवढंच सांगते, बहुतेक लोक पुढे विचारत नाहीत.

७. घास अडकला तर

छातीत एकदम दाब येतो, तोंडात लाळ सुटत राहते, बोलता येत नाही. मग फेसाळ, चिकट लाळ आणि त्यातून तो घास वर येतो. ही नेहमीची उलटी नव्हे, कारण अन्न जठराच्या मुख्य भागात पोहोचलेलंच नसतं. आंबट चव नसते.

काय करायचं? खाणं थांबवा. उभे राहा, फेऱ्या मारा, खांदे मागे घ्या. लाळ गिळू नका, थुंका. बहुतेक वेळा काही मिनिटांत, कधी तासाभरात तो घास वर तरी येतो किंवा खाली तरी जातो.

काय करायचं नाही? पाणी पिऊ नका. दार बंद आहे, वरून पाणी ओतलं तर तेही साचतं. सोडा पिऊन ढेकर काढायचा प्रयत्न नको. घशात बोटं घालणं तर नकोच.

सुटल्यावर भूक लागली तरी लगेच जेवू नका. आतला भाग सुजलेला असतो, लगेच खाल्लं की परत अडकतं, आणखी सूज, आणखी अडकणं. एक दिवस पातळ पदार्थांवर काढा. आठवड्यातून दोनदा-तीनदा अडकत असेल तर ते ‘बँडबरोबर चालायचंच’ म्हणून सोडून देऊ नका. एक तर घास चुकतोय किंवा बँड घट्ट आहे.

सुरुवातीला त्रास देणारे ठरलेले पदार्थ म्हणजे ताजा मऊ पाव (त्याचा गोळा होतो), कोरडं चिवट मांस, चिकट भात, धागेदार भाज्या, सालीसकट फळं. पाव भाजून घेतला तर बऱ्याचजणांना चालतो.

८. ताटलीत काय आणि गोळ्या कुठल्या

प्रथिनं आधी. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम असं बहुतेक आहारतज्ज्ञ सांगतात. अंडं, मासे, डाळी, पनीर, दही यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात आधी संपवा, मग भाज्या, जागा उरली तर बाकीचं. घन अन्न निवडा. सूप आणि लापशी हे आजारपणाचं खाणं; रोज त्यावर राहिलात तर बँडला काम उरत नाही.

बँडमध्ये आतड्याची वाट बदलत नाही, त्यामुळे शोषणाची अडचण वजनासाठीच्या बायपास ऑपरेशनइतकी नसते. पण खाणंच कमी झालं की जीवनसत्त्वंही कमी जातात. रोज एक मल्टिव्हिटॅमिन, शिवाय रिपोर्टप्रमाणे कॅल्शियम, डी, बी-१२, लोह. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नका, मध्ये दोनेक तास जाऊ द्या. रक्त वर्षातून एकदा तरी तपासा, बरं वाटत असलं तरी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागले तर घाबरू नका, वजन झपाट्याने उतरलं की गळतात आणि बहुतेकदा परत येतात.

९. बाकीची औषधं

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नका. त्या जठराच्या अस्तराला झोंबतात, आणि बँडच्या जागी ते परवडत नाही. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

मोठी गोळी अडकते. अर्धी करा किंवा पातळ औषध मागा. पण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या फोडायच्या नसतात, म्हणून फोडण्याआधी औषधवाल्याला विचारा.

मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर हे विसरू नका. खाणं आणि वजन कमी झालं की जुना डोस जास्त होतो. साखर अचानक खाली येते, उठताना चक्कर येते. पहिल्या दिवसापासून घरी मोजा आणि डोस कमी करून घ्या.

१०. इथे वाट बघायची नाही

खालचं काही झालं तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री:

– लाळ किंवा पाणीही उतरत नाही.
– वरच्या पोटात तीव्र, न थांबणारी कळ. बँड सरकून त्यावरचं जठर आवळलं गेलं असेल तर त्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. पहिलं काम बँड रिकामा करायचं असतं.
– रक्ताची उलटी किंवा काळी शी.
– दोन-तीन दिवस उलट्या. यात बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने संपतं. चालताना तोल जाणं, डबल दिसणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. तातडीच्या विभागात बँडचं नाव घ्याच, आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी बी-१ द्यायचं का, ते विचारा.

थोडं कमी तातडीचं, पण आठवड्याच्या आत दाखवण्यासारखं: पोर्टची जागा लाल, गरम, दुखरी होणं, अचानक कितीही खाता येणं, रोजची रात्रीची जळजळ. ऑपरेशननंतर अनेक महिन्यांनी पोर्टला संसर्ग झाला तर डॉक्टर दुर्बिणीने जठर आतून बघतात, कारण बँड भिंतीतून आत घुसत असल्याची ती खूण असू शकते. अचानक भूक वाढली तर नळी किंवा पोर्ट गळत असेल. गळलेलं सलाइन शरीराला अपाय करत नाही, बँड मात्र सैल पडतो.

११. प्रवास, दिवस राहणं, दुसरं ऑपरेशन

प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी फिल घेऊ नका. दूर जाणार असाल तर किमान दोन-तीन आठवडे आधी. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि ज्यांना दिवस राहत नव्हते त्यांनाही राहतात. ऑपरेशननंतर साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. उलट्या होत असतील तर गर्भनिरोधक गोळी पोटात टिकली का, याचा विचार करा. दिवस राहिल्यावर बँड सैल करता येतो, आणि गरजेप्रमाणे पूर्ण रिकामाही.

भूल द्यायची वेळ आली, दाताची असो वा गुडघ्याची, भूलतज्ज्ञाला बँडबद्दल सांगा. वरच्या पिशवीत अन्न किंवा पाणी साचलेलं असेल तर ते भुलीत फुप्फुसात जाऊ शकतं. एमआरआयला जाताना कार्ड दाखवा, मॉडेल बघून ते ठरवतात.

१२. बँड काढायची वेळ आली तर

अमेरिकेत समायोज्य बँडला २००१ साली मान्यता मिळाली आणि पुढची काही वर्षं त्याची चलती होती. नंतर स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढायचं ऑपरेशन) पुढे गेली आणि आज नवे बँड कमीच बसवले जातात. याचा तुमच्याशी संबंध एवढाच की बँड हाताळणारे डॉक्टर कमी होत चाललेत. तुमच्या भागात फिल करणारी दुसरी जागा कुठली, ते आजच शोधून वहीच्या मागच्या पानावर लिहा.

सरकणं, घुसणं, अन्ननलिका फुगणं, न थांबणारी जळजळ, यांपैकी काही झालं तर बँड काढावा लागतो. काढल्यावर भूक परत येते आणि बहुतेकांचं वजनही. म्हणून काढायचं ठरलं की त्याच बैठकीत विचारा: पुढे काय? दुसरं ऑपरेशन करायचं का, लगेच की काही महिन्यांनी, की औषधं? आणि काढलेल्या बँडची नोंद फाइलमधून टाकून देऊ नका. पुढच्या सर्जनला ती लागते. बँडच्या जागी जो व्रण राहतो, त्यातूनच त्याला वाट काढायची असते.